जॅक उचलतो, स्टँड पेलतो

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी सेक्रेटरींच्या आग्रहावरून लिहून दिला आहे.)



मला कमिटीने सांगितलं होतं की, "काका, तुम्ही बँकेत होता, तर बचतीवर बोला." पण पस्तीस वर्षं मी लोकांना बचतीवरच बोललो. ज्यांना करायची होती त्यांनी केली. आज मी वेगळाच विषय घेतलाय. पोर्चमध्ये गाडी उचलून तिच्याखाली काम करायचं असेल तर ते जीव सांभाळून कसं करायचं, हा तो विषय. हसू नका. हा विषय प्रत्येक घराचा आहे, ते पुढे कळेलच.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा अख्ख्या सोसायटीत चारचाकी किती होत्या? दोन. त्यातली एक ढकलल्याशिवाय चालू होत नव्हती आणि ढकलायला आपण सगळेच जायचो. आज प्रत्येक पोर्चमध्ये गाडी आहे, काहींच्याकडे दोन आहेत. मुलं चाकण, रांजणगाव, भोसरीला कंपन्यांत कामाला जातात. हात चालणारी मुलं आहेत. ऑइल बदलणं, ब्रेकचे पॅड बदलणं, सायलेन्सरचा आवाज का येतो ते बघणं, हे रविवारी घरीच करतात. मला त्याचं कौतुक आहे. मोबाईलमध्ये मान घालून बसण्यापेक्षा हात काळे केलेले केव्हाही चांगले.

आणि यंदा तर आपल्याकडे चक्क स्पोर्ट्स कार आली. तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय, पोरांनी तिच्यासोबत फोटो काढलेत. ती सॅन स्टॉर्म आहे. बऱ्याच जणांना वाटलं की परदेशी गाडी. पण ही गाडी आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेली. १९९८ च्या सुमारास बाजारात आली. दोनच सीट, छप्पर उघडणारं, बॉडी फायबरची आणि इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचं, १.२ लिटरचं. फार गाड्या विकल्या गेल्या नाहीत, म्हणून रस्त्यावर सहसा दिसत नाही. पुढे आपल्या पुणे परिसरातही दिलीप छाब्रिया यांनी अवंती नावाची स्पोर्ट्स कार काढली. २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली होती. म्हणजे स्पोर्ट्स कार ही काही फक्त सिनेमातली गोष्ट राहिलेली नाही. जुनी झाली की ती कुणाच्या तरी पोर्चमध्ये येतेच आणि मग तिच्याखाली कुणीतरी शिरतोच.

दिवाळीच्या सुट्टीत मी सकाळचा फिरून येत होतो. गाडीचा मालक, आपला तो गुणी मुलगा, गाडीचं पुढचं तोंड जॅकवर चढवून, अंगाखाली पोतं टाकून आत सरकायच्या तयारीत. मी म्हटलं, "अरे, खाली आधार काय दिलाय?"

"काका, जॅक आहे ना. दोन मिनिटांचं काम आहे."

मी त्याला बाहेर बोलावलं, चहा पाजला आणि एक जुनी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ग्रामीण शाखेत फील्ड ऑफिसर होतो. गावाचं आणि बँकेचं नाव सांगत नाही. एका तरुणाने आमच्या कर्जावर जुनी जीप घेतली होती. पॅसेंजर वाहतूक करायचा. हप्ता कधी चुकवला नाही. एकदा दोन हप्ते आले नाहीत म्हणून मी त्याच्या घरी गेलो. अंगणात जीप उभी होती, धुऊन-पुसून ठेवल्यासारखी. आतून त्याची आई आली. तिने सांगितलं, की गाडीखाली काहीतरी आवाज येत होता, म्हणून तो जॅक लावून खाली गेला. आदल्या दिवशी अंगणात पाणी सोडलेलं, जमीन ओली. जॅक एका बाजूला कलला. घरात भाकरी थापणाऱ्या बायकोला फक्त धप्प असा आवाज आला.

नियमाप्रमाणे मला गाडीची पाहणी करायची होती, कारण ती बँकेकडे तारण होती. मी सगळीकडून पाहिली. गाडीवर साधा ओरखडा नव्हता. कर्जखात्यावर मी लाल शाईने "कर्जदार मयत" असं लिहिलं आणि तारणाच्या रकान्यात "वाहन सुस्थितीत" असं लिहिलं. ते दोन शब्द लिहिताना हात जड झाला होता, तो आजही आठवतो.

त्या घरात कुणी बेफिकीर नव्हतं. त्या मुलाला गाडीची माहितीही होती. त्याला एकच गोष्ट कुणी सांगितली नव्हती, ती ही: जॅक हा गाडी उचलण्यासाठी आहे, गाडी धरून ठेवण्यासाठी नाही. उचलणारा वेगळा आणि पेलणारा वेगळा. आजच्या भाषणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं वाक्य घरी न्या.

हे आपल्या वाडवडिलांना माहीत होतं. बैलगाडीच्या चाकाला वंगण घालायचं असेल तर आधी गाडीखाली लाकडाचा टेकू जायचा, मग चाक निघायचं. चार माणसं गाडी उचलून धरताहेत आणि पाचवा खाली जाऊन बसलाय, असं कधी कुणी पाहिलंय का? माणसं उचलायची, टेकू पेलायचा. आपण माणसांच्या जागी जॅक आणला आणि टेकू मात्र विसरलो. उसाच्या सीझनमध्ये कारखान्याच्या रस्त्याला बघा. भरलेली ट्रॉली पंक्चर होते, बाटली जॅक लावतात, खाली एखादा दगड सरकवतात आणि ड्रायव्हर बिनदिक्कत आत. रोज होतं, म्हणून ते बरोबर असं नाही.

आता जॅक का दगा देतो ते सांगतो. गाडीसोबत कंपनी देते तो कात्रीसारखा उघडणारा जॅक. तो रस्त्यात स्टेपनी बदलण्यापुरता. त्याचं बूड वीतभर, जरा धक्का लागला की कलंडतो. दुसरा बाटली जॅक, तो ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांकडे असतो. तिसरा चाकांचा ट्रॉली जॅक, गॅरेजमध्ये असतो तो. हे दुसरे-तिसरे तेलाच्या दाबावर चालतात. पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम आपण शाळेत शिकलो. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. जॅकमध्ये छोट्या दट्ट्यावर आपण जोर देतो, मोठ्या दट्ट्यावर तो क्षेत्रफळाच्या पटीत वाढतो. छोट्यापेक्षा मोठा वीस पट असेल तर पाच किलोच्या जोराला शंभर किलो उचलले जातात. सुंदर युक्ती आहे. पण ते सगळं वजन शेवटी कशावर थांबलंय? आतल्या एका रबरी सीलवर आणि एका बारीक व्हॉल्व्हवर. सील जुनं झालं, तेलात कचरा गेला, की जॅक हळूहळू बसतो. कधी हळूहळू, कधी एकदम. आणि बसण्याआधी तो आवाज देत नाही.

स्टँडचं तसं नाही. तीन किंवा चार पायांचा लोखंडी घोडा आणि त्यात वर-खाली होणारा दांडा. दांड्याला दाते आणि त्यात अडकणारा खटका असतो, किंवा आरपार भोकं आणि त्यात जाणारी जाड पिन असते. तेल नाही, सील नाही. मंचरला, नाहीतर पुण्याला अवजारांच्या दुकानात "जॅक स्टँड" म्हणून मागा, देतात. घेताना त्यावर किती टन लिहिलंय ते वाचा आणि तो आकडा एका स्टँडचा की जोडीचा, ते विचारा. स्विफ्टसारखी गाडी साधारण नऊशे किलोची, फॉर्च्युनर दोन टनांच्या वर. दुकानदार म्हणेल, "आजोबा, हलका घ्या, स्वस्त पडेल." तिथे घासाघीस करू नका.

आता पद्धत. मी मेकॅनिक नाही. पण चाकणला गॅरेज असलेल्या माझ्या भाच्याकडे दोन रविवार बसून मी हे नीट उतरवून घेतलंय, बँकेच्या सवयीने, क्रमवार.

पहिली गोष्ट जमीन. कोबा हवा, सपाट आणि कोरडा. आपल्या पोर्चना पाणी जाण्यासाठी उतार दिलाय, हे लक्षात ठेवा. पेव्हर ब्लॉक एखादा खचतो. मातीचं तर नावच नको. उन्हाळ्यात डांबरही मऊ होतं, स्टँडचे पाय त्यात रुततात. सपाट जागा नसेल तर त्या दिवशी काम नको.

दुसरी गोष्ट चाकं. गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून लाकडी पाचर लावा. हँडब्रेक ओढलाय ना, मग पाचर कशाला, असं मुलं विचारतात. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. तुम्ही मागचीच बाजू उचललीत की हँडब्रेक हवेत. मग गाडी कशावर उभी? म्हणून पाचर. चाक काढायचं असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव आटा ढिले करा. उचललेल्या गाडीवर पान्याला हिसके द्यायचे नाहीत.

तिसरी गोष्ट स्पोर्ट्स कारची खास. ती जमिनीला इतकी जवळ असते की ट्रॉली जॅक आत जातच नाही. मग लोक पुढच्या बंपरलाच काहीतरी लावून उचलतात आणि बंपर मोडतात. सोपा उपाय असा. दोन जाड, रुंद फळ्या घ्या, दीड-दोन इंची, आणि पुढची चाकं हळूच त्यांवर चढवा. तेवढ्या उंचीने जॅकला वाट मिळते.

चौथी गोष्ट जॅक कुठे लावायचा. वाटेल तिथे नाही. गाडीच्या पुस्तकात जागा दाखवलेल्या असतात. पुस्तक नसेल तर जाणत्या मेकॅनिककडून एकदा खडूने खुणा करून घ्या. फायबरच्या बॉडीवर कधीच भार द्यायचा नाही, ती तडकते. भार खालच्या लोखंडी सांगाड्यावर. इंजिनच्या ऑइल चेंबरला, गिअरबॉक्सला, सीटखालच्या पत्र्याला जॅक लावायचा नाही. जॅकच्या डोक्यावर रबराचा तुकडा ठेवा, म्हणजे लोखंडावर लोखंड घसरत नाही.

पाचवी गोष्ट उचलणं. सावकाश. गाडी वर जाताना जॅकचं डोकं सरळ वर जात नाही, किंचित गोलाईत जातं. म्हणून जॅकच्या चाकांना पुढे-मागे सरकायला मोकळीक हवी. त्यात खडा अडकला तर जॅक जागेवर राहतो आणि गाडी त्याच्यावरून घसरते. म्हणून आधी जागा झाडून घ्या. घरातला केरसुणीचा एक हात इथे उपयोगाला येतो.

सहावी गोष्ट स्टँड. दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर लावा. दाते मोजा, अंदाज नको. खटका पूर्ण बसलाय ना, हात लावून बघा. मग जॅक हळूच सोडा, गाडी स्टँडवर बसू द्या. बसल्यावर जॅक काढून घेऊ नका. पुन्हा नुसता टेकेल इतका वर आणून तिथेच ठेवा. भार स्टँडवर, जॅक सोबतीला. चाक काढलं असेल तर ते दाराखालच्या बाजूला आडवं सरकवून ठेवा. काही झालंच तर गाडी आधी चाकावर येईल, तुमच्या छातीवर नाही.

चारही चाकं उचलायची असतील तर घाई आणखी कमी करा. आधी पुढची बाजू सगळ्यात खालच्या दात्यावर, मग मागची बाजू सगळ्यात खालच्या दात्यावर. मग पुन्हा पुढची एक-दोन दाते, मागची एक-दोन दाते. एक बाजू एकदम उंच केली की दुसऱ्या बाजूचे स्टँड तिरके होतात.

सातवी गोष्ट, आणि ही कुणी करत नाही. खाली जाण्याआधी गाडीला बाजूने दोन्ही हातांनी हलवा. नेटाने, पण धसमुसळेपणाने नाही. पडायचीच असेल तर ती तुम्ही बाहेर असताना पडू दे. हलली, कुरकुरली, तर खाली घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा.

विटा, सिमेंटचे ठोकळे, बांधकामावरून उरलेले सिपोरेक्सचे ब्लॉक, यांचा टेकू कधीही देऊ नका. भिंतीत वीट हजारो किलो पेलते, कारण तिथे भार सगळ्या विटेवर पसरलेला असतो. गाडीचा भार एका टोकदार जागी येतो, आणि वीट फुटते ती न सांगता. लाकूड निदान आधी कुरकुरतं.

आता कुणी म्हणेल, स्टँड घेतले म्हणजे झालं ना? नाही. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट नावाच्या अवजारांच्या मोठ्या दुकानसाखळीला तीन टनी आणि सहा टनी स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवावे लागले. दाते आणि खटका नीट धरत नव्हते, भार हलला तर दांडा खाली येण्याचा धोका होता. आणि बदली दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला, तेही मागे घ्यावे लागले. म्हणजे चांगली वस्तूही एकटी पुरेशी नाही. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. कुणावर अविश्वास असतो म्हणून नाही, तर एकाचा हात चुकला तर दुसरा तिथे असावा म्हणून. नोटांसाठी आपण दोन किल्ल्या ठेवतो, मग माणसासाठी एकाच जॅकवर भरवसा का? स्टँड ही पहिली किल्ली. टेकवून ठेवलेला जॅक आणि आडवं ठेवलेलं चाक ही दुसरी.

आणि आणखी एक किल्ली आहे, ती म्हणजे माणूस. गाडीखाली कुणी असताना बाहेर दुसरं कुणीतरी हवंच. वहिनी असोत, मुलगी असो, शेजारचे अण्णा असोत. त्यांनी काही करायचं नाही, फक्त तिथे थांबायचं. लहान मुलं गाडीत चढत नाहीत ना, दार आपटत नाहीत ना, एवढं बघायचं. देव न करो, पण काही झालं तर पाय धरून ओढायचं नाही. टेकवलेल्या जॅकचं हँडल मारून गाडी वर घ्यायची, आरोळी ठोकून माणसं बोलवायची आणि १०८ ला फोन करायचा.

काम झाल्यावर उतरवतानाही तोच क्रम, उलटा. आधी अवजारं मोजून बाहेर, मग माणूस बाहेर, मग गाडी जॅकवर, मग स्टँड बाहेर, मग जॅकचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून गाडी खाली. चाकाचे नट समोरासमोरचे असे तिरपे आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बघा.

माता-भगिनींना माझी खास विनंती. तुम्ही म्हणाल, आमचा याच्याशी काय संबंध? गाडीखाली जाणारा तुमचा नवरा, मुलगा, भाऊ आहे. त्याला काही विचारायला गाडीची माहिती लागत नाही. पोर्चमध्ये जाऊन एकच प्रश्न विचारा, "घोडा लावलाय का?" नाही म्हणाला तर चहा देऊ नका, जेवायला वाढू नका, बाहेर येईपर्यंत तिथून हलू नका. ही हुकूमशाही मला मान्य आहे.

शेवटी कमिटीपुढे एक सूचना ठेवतो. प्रत्येकाने स्टँड विकत घ्यायची गरज नाही. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू आहे, आणि महाग वाटते म्हणूनच लोक घेत नाहीत आणि विटांवर भागवतात. सहकार म्हणजे तरी काय? एकट्याला परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून घ्यायचं. या रौप्यमहोत्सवी वर्षाच्या निधीतून सोसायटीने एक संच घ्यावा. चार चांगले स्टँड, एक ट्रॉली जॅक, चार लाकडी पाचरा, दोन फळ्या. ऑफिसात ठेवावा. नेताना रजिस्टरमध्ये सही, आणि सही दोघांची: नेणाऱ्याची आणि जो सोबत थांबणार आहे त्याची. रजिस्टर मी सांभाळतो. लेजर सांभाळायची सवय आहे, आणि वेळच वेळ आहे.

त्या जीपच्या मालकाच्या गावात असा संच कुणाकडे नव्हता. आपल्याकडे असावा. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे, अनुमोदनाला कोण उभं राहतंय ते आताच ठरवून ठेवा. सॅन स्टॉर्मच्या मालकाने होकार दिलाच आहे.

 जेवणाला उशीर झाला, त्याचं खापर माझ्यावर फोडा, आचाऱ्यावर नको.

जय हिंद, जय महाराष्ट्र.